अन्वस्ताची पारख: महाकाय तबकड्यांच्या पृष्ठभागाचे मोजमाप

दूरच्या आकाशस्थ स्रोतापासून निघालेल्या रेडिओ लहरी पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्यांचे तरंगाग्र, म्हणजे एकाच क्षणी एकाच कलेत असणाऱ्या बिंदूंना जोडणारे पृष्ठ, व्यवहारतः सपाट झालेले असते, आणि हे सपाट तरंगाग्र एका बिंदूवर गोळा करण्यासाठी दुर्बिणीच्या तबकडीला अन्वस्ताचा आकार दिला जातो. अक्षाला समांतर आलेले सर्व किरण परावर्तनानंतर नाभीतून जातात हा अन्वस्ताचा गुणधर्म सर्वपरिचित आहे. रेडिओ दुर्बिणीच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की त्या सर्व किरणांनी कापलेले अंतर सारखेच भरते. काठावर पडलेली लहर आणि मध्यावर पडलेली लहर एकाच कलेत, म्हणजे आपल्या चढउताराच्या एकाच टप्प्यावर असताना, नाभीशी पोहोचतात आणि म्हणूनच त्यांची पूर्ण बेरीज होते. पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी एक मिलिमीटर खोल गेला असेल, तर तेथे पडणाऱ्या लहरीला ते अंतर जाताना आणि येताना असे दोनदा कापावे लागते, ती सुमारे दोन मिलिमीटर मागे पडते, आणि बेरजेत तिचा वाटा तेवढ्या प्रमाणात कमी होतो. उशीर अर्ध्या तरंगलांबीइतका झाला, तर ती लहर बेरजेत भर घालण्याऐवजी वजाबाकीच करते.

यावरून हे उघड होते की, तबकडीचा पृष्ठभाग चांगला आहे की वाईट हा प्रश्न नुसता विचारता येत नाही. तो कोणत्या तरंगलांबीसाठी चांगला, असेच विचारावे लागते. या नात्याला नेमके गणिती रूप अमेरिकी अभियंता जॉन रूझ याने दिले. १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेल्या कामाचा त्याने १९६६ मध्ये घेतलेला विस्तृत आढावा आजही या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूचे आदर्श अन्वस्तापासूनचे विचलन घ्यायचे, त्यांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि त्या सरासरीचे वर्गमूळ घ्यायचे, की जी एक संख्या मिळते तिला वर्ग-माध्य-मूळ विचलन म्हणतात. रूझच्या सूत्राप्रमाणे हे विचलन तरंगलांबीच्या चाळिसाव्या भागाइतके असेल तर तबकडीचा लाभ, म्हणजे एका दिशेची ऊर्जा एकवटण्याची तिची क्षमता, आदर्शाच्या सुमारे ९१ टक्के राहतो. विसाव्या भागाइतके असेल तर ६७ टक्के, सोळाव्या भागाइतके असेल तर ५४ टक्के आणि दहाव्या भागाइतके असेल तर जेमतेम २१ टक्के. घसरण सरळ रेषेत होत नाही, ती घातांकी आहे, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे तबकडी मोठी करण्यात काहीच हशील उरत नाही. गमावलेली ऊर्जा नाहीशीही होत नाही. ती मुख्य शलाकेच्या, म्हणजे तबकडी जेथे रोखलेली असते त्या अरुंद दिशापट्ट्याच्या, आजूबाजूला विखुरते आणि नको त्या दिशेचे प्रारण दुर्बिणीत शिरू देते, आणि खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा दोष लाभ घटण्याइतकाच त्रासदायक असतो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, तबकड्या हे या नियमाचा विचारपूर्वक फायदा घेतल्याचे उत्तम उदाहरण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्या माफक खर्चात उभारायच्या होत्या आणि दुर्बीण मीटरच्या आसपासच्या तरंगलांबींसाठी होती. सर्वांत आखूड लांबी म्हणजे उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची. तिचा विसावा भाग सुमारे १० मिलिमीटर होतो. एवढी सूट हाताशी असल्यामुळे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घट्ट पत्र्याचा पृष्ठभाग सोडून दिला आणि नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या तारदोरांना बारीक पोलादी तारेची जाळी जोडण्याची रचना केली. जाळीच्या तारेची जाडी अवघी ०.५५ मिलिमीटर आहे आणि तिची घरे मध्यभागी १० मिलिमीटरची, त्याबाहेर १५ आणि काठाकडे २० मिलिमीटरची आहेत. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी बऱ्याच अंशी सलग आरशासारखीच भासते. सपाट तुकड्यांनी बनलेला हा पृष्ठभाग खऱ्या अन्वस्तापासून सुमारे १० मिलिमीटर ढळतो असे धरले, तर २१ सेंटिमीटरवर लाभ ७० टक्क्यांच्या घरात येतो, आणि ९२ सेंटिमीटरवर तो ९८ टक्के असतो. काठाकडची जाळी विरळ ठेवण्यामागेही हिशेब आहे. नाभीशी बसवलेला ग्राहक तबकडीच्या मध्याकडे अधिक आणि काठाकडे कमी लक्ष देतो, म्हणून काठावरची चूक मध्यावरच्या तेवढ्याच चुकीपेक्षा स्वस्त पडते. पृष्ठभागाची अचूकता मोजतानाही हा भेद पाळावा लागतो, आणि प्रत्येक बिंदूच्या विचलनाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे वजन देऊनच सरासरी काढली जाते.

मिलिमीटर तरंगलांबीच्या दुर्बिणींना अशी सूट मिळत नाही. चिलीच्या आटाकामा वाळवंटात ५,००० मीटर उंचीवरच्या चाहनंतोर पठारावर असलेल्या आल्मा या दुर्बीणसमूहातील १२ मीटरच्या तबकड्यांसाठी २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग, ही मर्यादा ठरवण्यात आली. ही मर्यादा काटेकोर वाटली तरी चैनीची नाही. ९५० गिगाहर्ट्‌झ वारंवारतेला, जेथे तरंगलांबी ०.३२ मिलिमीटर भरते, २५ मायक्रॉनच्या विचलनाने लाभ ३७ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रीन बँक येथील दुर्बिणीची तबकडी तर १०० मीटर रुंद आणि ११० मीटर लांब आहे आणि तिचे विचलन पाव मिलिमीटरच्या आत राखले जाते. ४ किलोमीटर व्यासाच्या मैदानात कोठेही १ सेंटिमीटरहून अधिक उंचसखल राहू नये, असे म्हणण्यासारखे हे आहे. फरक एवढाच की ते मैदान पोलादी सांगाड्यावर पेललेले असते आणि आकाशातल्या लक्ष्यामागे सतत झुकत, वळत असते.

या झुकण्यातच मोजमापाची खरी अडचण आहे. जुनी आणि सर्वांत सरळ पद्धत सर्वेक्षकाची होती. तबकडी आकाशाकडे सरळ उताणी ठेवायची, तिच्या मध्यबिंदूशी थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे उपकरण बसवायचे, पृष्ठभागावर ठराविक अंतरांवर खुणा लावायच्या, पोलादी फितीने मध्यापासूनचे अंतर आणि थिओडोलाइटने उंचीचा कोन घ्यायचा. दोन्ही आकडे मिळाले की त्या बिंदूची उंची ठरते. पद्धत विश्वासार्ह आहे, परंतु कोनात एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाची, चूक राहिली तर ५० मीटर अंतरावर ती पाव मिलिमीटरची होते, आणि शेकडो बिंदू एकेक करून वाचताना ऊन चढते, पोलाद पसरते, मोजणाऱ्याचे डोळे थकतात. त्याहून मोठी उणीव ही, की मोजमाप उताण्या तबकडीचे होते आणि निरीक्षण कललेल्या तबकडीने करायचे असते. हजारो टनांचा सांगाडा ३० अंशांवर कलला की त्याच्यावरचा गुरुत्वाचा भार दुसऱ्या दिशेने पडतो आणि त्याचा आकार बदलतो. उताण्या स्थितीत निर्दोष ठरलेला पृष्ठभाग क्षितिजाकडे पाहताना निर्दोष राहील, याची हमी त्या मोजमापातून मिळत नाही.

सांगाडा वाकूच नये इतका ताठ करणे हा यावरचा उपाय वाटतो, परंतु तबकडी मोठी होत गेली की ताठपणासाठी घातलेले पोलाद स्वतःच्याच वजनाने वाकू लागते. सेबास्टियन फॉन हर्नर याने १९६७ मध्ये या कोंडीतून सुंदर वाट काढली. तबकडी वाकू द्यावी, मात्र सांगाडा असा आखावा की वाकल्यावर तयार होणारा आकारही अन्वस्तच असेल, फक्त वेगळ्या नाभ्यंतराचा आणि किंचित वेगळ्या अक्षाचा. मग ग्राहक त्या नव्या नाभीशी सरकवला की काम भागते. जर्मनीत बॉन शहराजवळ एफेल्सबर्ग येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेली १०० मीटरची दुर्बीण या तत्त्वाचा मोठा विजय ठरली. मोजमापाच्या शास्त्रावरही या कल्पनेचा परिणाम झाला. तेव्हापासून विचलन नकाशावर आखलेल्या अन्वस्तापासून न मोजता, मोजलेल्या बिंदूंना सर्वांत जवळून जुळणाऱ्या अन्वस्तापासून मोजले जाते. हा अन्वस्त शोधताना त्याला तिन्ही दिशांना सरकण्याची, दोन दिशांना कलण्याची आणि नाभ्यंतर बदलण्याची अशा सहा मुभा दिल्या जातात. ग्राहक हलवून ज्या चुका पुसता येतात त्या या सहा मुभांत विरघळतात, आणि उरते ती पृष्ठभागाची खरी चूक.

छायाचित्रांवरून मोजमाप करण्याच्या पद्धतीने, जिला फोटोग्रामेट्री म्हणतात, थिओडोलाइटची अनेक बंधने सैल केली. पृष्ठभागावर प्रकाश आल्या दिशेने परत फेकणाऱ्या चकत्या चिकटवल्या जातात, क्रेनवरून किंवा उंच जागेवरून निरनिराळ्या कोनांतून अनेक छायाचित्रे घेतली जातात, आणि प्रत्येक चकती अनेक छायाचित्रांत दिसत असल्याने कॅमेऱ्याची जागा व चकतीची जागा ही दोन्ही अज्ञाते एकाच गणितातून सोडवली जातात. सर्व बिंदू थोड्या वेळात टिपले जातात आणि तबकडी कललेली असतानाही मोजता येते. पोर्तो रिको येथील आरेसिबोच्या ३०५ मीटरच्या स्थिर तबकडीवर ३८,७७८ ॲल्युमिनियमचे पत्रे होते. नव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची जुळणी याच पद्धतीने करून विचलन सुमारे २ मिलिमीटरपर्यंत खाली आणण्यात आले. परावर्तकाकडे लेसर शलाका पाठवून अंतर आणि दोन कोन एकदमच देणारे लेसर ट्रॅकरही आज पत्र्यांच्या प्राथमिक जुळणीसाठी सर्रास वापरले जातात. तरीही या सर्व पद्धती प्रकाशाने खुणांची जागा पाहतात. रेडिओ लहरीला तो पृष्ठभाग कसा दिसतो, हे त्या थेट सांगत नाहीत.

ते सांगणारी पद्धत १९७० च्या दशकात पुढे आली आणि या विषयाला तिने नवे वळण दिले. इंग्लंडमध्ये बेनेट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आणि केंब्रिजच्या स्कॉट व मार्टिन राइल यांनी १९७७ मध्ये तिची मांडणी केली. तबकडीच्या मुखावर लहरींचे जे वितरण असते, म्हणजे कोठे किती परमप्रसर (चढउताराची उंची) आणि कोणती कला, त्यावरूनच ती तबकडी निरनिराळ्या दिशांना किती संवेदनशील असेल ते ठरते, आणि या दोहोंना जोडणारा दुवा फूरिये रूपांतर हे गणित आहे. दुवा दोन्ही बाजूंनी चालतो. तबकडीची संवेदनशीलता दिशेदिशेला परमप्रसर आणि कला या दोन्ही अंगांनी मोजली, तर उलट रूपांतर करून तिच्या मुखावरचा कलेचा नकाशा मिळतो. कलेतला फरक म्हणजे मार्गातला फरक, आणि मार्गातला फरक म्हणजे, निम्मा केल्यावर, पृष्ठभागाची चूक. कला जपून ठेवणाऱ्या नोंदीतून वस्तूचा आकार पुन्हा उभा करण्याची ही कल्पना डेनिस गॅबॉरच्या होलोग्राफीशी नाते सांगते, म्हणून या पद्धतीलाही रेडिओ होलोग्राफी हेच नाव पडले.

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणे चालते. विषुववृत्तावर स्थिर दिसणाऱ्या एखाद्या संदेशवहन उपग्रहाचा १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा सततचा संकेत स्रोत म्हणून निवडला जातो. त्याची तरंगलांबी २५ मिलिमीटर असते. एक छोटी अँटेना त्या उपग्रहाकडे एकटक पाहत राहते आणि कलेचा संदर्भ पुरवते. मोठी तबकडी मात्र उपग्रहाच्या भोवतीचा आकाशाचा चौकोन ओळीओळीने विंचरत जाते आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही संकेतांची तुलना करून परमप्रसर व कला नोंदवली जाते. १०० मीटरच्या तबकडीवर १ मीटरचा तपशील हवा असेल, तर शंभर ओळी आणि प्रत्येक ओळीत शंभर बिंदू, असे सुमारे १०,००० बिंदू लागतात आणि चौकोनाची बाजू जवळजवळ दीड अंश भरते. चौकोनाच्या कडेला संकेत मुख्य शलाकेच्या तुलनेत अतिशय क्षीण असतो, परंतु पत्र्यांच्या बारीकसारीक चुकांची माहिती याच कडेच्या क्षीण संकेतात असते, म्हणून शक्तिशाली आणि स्थिर स्रोताची गरज पडते. एक दशांश मिलिमीटरच्या चुकीने मार्गात दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे कलेत सुमारे ३ अंशांचा. चांगला ग्राहक हे तीन अंश निःशंकपणे ओळखतो. हाती आलेल्या नकाशात पत्र्यांच्या रांगा, उचललेले कोपरे, वेल्डिंगने आलेले ताण असे सारे उमटते, आणि त्यावरून कोणता स्क्रू कोणत्या दिशेने किती फिरवायचा याची यादीच तयार होते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. पूर्ण एका तरंगलांबीचा उशीर आणि शून्य उशीर यांत कला भेद करू शकत नाही, म्हणून पृष्ठभाग आधी थिओडोलाइट, छायाचित्रे किंवा लेसर यांच्या साहाय्याने काही मिलिमीटरच्या आत आणलेला असावा लागतो. जुन्या पद्धती त्यामुळे निकामी झालेल्या नाहीत.

ग्रीन बँकेच्या दुर्बिणीवर या पद्धतीने जे साधले ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. तेथील ९० मीटरची जुनी दुर्बीण १५ नोव्हेंबर १९८८ रोजी कोसळल्यानंतर तिच्या जागी ही नवी दुर्बीण उभी राहिली. तिचा पृष्ठभाग २,००४ पत्र्यांचा आहे आणि पत्र्यांचे कोपरे २,२०९ विद्युतचालित उच्चालकांवर टेकलेले आहेत, त्यामुळे झुकण्याच्या प्रत्येक स्थितीत संगणक पृष्ठभागाला पुन्हा आकार देऊ शकतो. तरीही हे उच्चालक नेमके किती सरकवायचे हे आधी मोजूनच ठरवावे लागते. १२ गिगाहर्ट्‌झच्या होलोग्राफीने मिळालेल्या नकाशांवरून त्यांच्या जागा सुधारल्यावर विचलन ३९० मायक्रॉनवरून सुमारे २४० मायक्रॉनवर आले. रूझच्या सूत्रात हे आकडे घातले, तर ९० गिगाहर्ट्‌झला लाभ साधारण साडेअकरा टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर जातो. पोलादात काहीच भर न घालता दुर्बीण त्या वारंवारतेला जवळजवळ चौपट कार्यक्षम झाली. तबकडी वाढवून एवढा फायदा मिळवायचा असता, तर व्यास दुप्पट करावा लागला असता. मोजमापावर केलेला खर्च बांधणीवरच्या खर्चापेक्षा किती फलदायी ठरतो, हे यावरून दिसते, आणि बड्या दुर्बिणींच्या प्रकल्पांत मोजमापाला उशिरा व तुटपुंजा वाटा मिळतो ही खेदाची गोष्ट आहे.

उपग्रहाचा संकेत सर्वांच्या सोयीचा नसतो. आल्माच्या तबकड्यांसाठी सुमारे ३०० मीटर अंतरावरच्या मनोऱ्यावर १०४ गिगाहर्ट्‌झचा प्रेषक बसवण्यात आला. १२ मीटरच्या तबकडीच्या दृष्टीने या वारंवारतेचे तरंगाग्र सपाट मानण्यासाठी स्रोत निदान १०० किलोमीटर दूर असायला हवा, त्यामुळे मनोऱ्यावरून येणाऱ्या गोलाकार तरंगाग्राची दुरुस्ती ग्राहक पुढे सरकवून आणि गणितात वेगळी पदे घालून करावी लागली. शिवाय मनोऱ्याकडे पाहणारी तबकडी क्षितिजाच्या जवळ कललेली असते, म्हणजे कलण्याचा तोच जुना प्रश्न येथे उलट बाजूने उभा राहतो. उपग्रहही आकाशात एकाच उंचीवर दिसतो. निरनिराळ्या उंचीवरचे मोजमाप करण्यासाठी क्वेसारसारखे नैसर्गिक बिंदुस्रोत घ्यावे लागतात, पण ते क्षीण असतात आणि संदर्भ अँटेनेने त्यांची कला टिपणे अवघड जाते. यावर उपाय म्हणून दुर्बीण मुद्दाम नाभीबाहेर काढली जाते. एकदा नाभीशी, एकदा तिच्या अलीकडे आणि एकदा पलीकडे असे तीन नकाशे फक्त तीव्रतेचे घेतले, तर त्यांच्यातल्या फरकांवरून कला गणिताने काढता येते. पत्र्यापत्र्याचा तपशील यातून मिळत नाही, परंतु संपूर्ण तबकडी पिळवटली आहे, एका कडेला खचली आहे किंवा मध्ये फुगली आहे, अशा मोठ्या चुका थोड्या वेळात हाती येतात. ग्रीन बँकेत उच्च वारंवारतेच्या निरीक्षणसत्राच्या आरंभी हे मोजमाप करून उच्चालकांना दुरुस्ती दिली जाते.

गुरुत्वाने होणारे विरूपण एकदा मोजले की दरवेळी तेवढेच येते, म्हणून त्याचे कोष्टक करता येते. उष्णतेचे तसे नाही. एक मीटर पोलाद एक अंश सेल्सिअसने तापले की सुमारे १२ मायक्रॉन वाढते, म्हणजे ५० मीटरची तुळई ०.६ मिलिमीटर. सगळा सांगाडा सारखाच तापला तर आकार प्रमाणात मोठा होतो आणि नाभी सरकवून निभावते. परंतु सूर्य एका बाजूने तापवतो, सावलीतला भाग थंड राहतो, ढग येतो आणि जातो, आणि तबकडी प्रत्येक तासाला वेगळी होत जाते. स्पेनमधील सिएरा नेवाडा पर्वतावर पिको वेलेता येथे असलेल्या ३० मीटरच्या दुर्बिणीत सांगाडा उष्णतारोधक आवरणात ठेवून त्याचे तापमान राखले जाते. १०० मीटरच्या तबकडीला तसे झाकणे परवडत नाही, म्हणून ग्रीन बँकेत मिलिमीटर तरंगलांबीची निरीक्षणे प्रायः रात्री, वारा पडलेला असताना केली जात आली. मूळ आराखड्यात जमिनीवर आणि दुर्बिणीवर बसवलेल्या लेसर अंतरमापकांनी संपूर्ण पृष्ठभाग अखंड मोजत राहण्याची योजना होती, परंतु ती नियमित वापरात येऊ शकली नाही. पुढे तेथेच दुर्बिणीवर भूसर्वेक्षणाचा लेसर स्कॅनर बसवून तबकडीचे लाखो बिंदू झपाट्याने टिपण्याचे काम हाती घेण्यात आले. एकेका बिंदूच्या वाचनात मिलिमीटरच्या घरातली चूक असते, परंतु आधीच्या चांगल्या स्थितीतला नकाशा आताच्या नकाशातून वजा केल्यावर उपकरणाच्या ठराविक चुका परस्पर कटतात आणि असंख्य बिंदूंच्या सरासरीने उष्णतेमुळे झालेला मोठ्या पट्ट्यावरचा बदल मायक्रॉनांच्या हिशेबात वर येतो. पृष्ठभागाचा निरपेक्ष आकार होलोग्राफीने रात्री ठरवायचा आणि त्यापासून झालेली ढळ स्कॅनरने दिवसा पकडायची, अशी ही विभागणी आहे.